कालपर्यंत बरोबर खेळलो आणि आज त्यांचाच कोच, त्या पोलंडच्या वाग्नेरने हे जमवलं कसं?

गुडघा_गेलेला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे. मी तालुक्याला व्हॉलीबॉल खेळायचो, बारा-तेरा वर्षं अटॅकर म्हणून खेळलो, मागच्या वर्षी डाव्या गुडघ्याने हात टेकले आणि डॉक्टरने सरळ सांगितलं की आता उड्या बंद. मग दिवाळीनंतर मंडळातल्या जाणत्या लोकांनी ठरवलं की आता तूच पोरांना बघ. पोरं कसली, सहातले चार माझ्याबरोबरच खेळलेत, एकाच जीपमधून स्पर्धांना गेलोय, एकाच डब्यातली चपाती खाल्लीय. आता मी शिट्टी घेऊन उभा राहिलो की त्यांना हसू येतं.

परवाचंच सांगतो. प्रॅक्टिस साडेपाचची. आमचा लिफ्टर, म्हणजे अटॅकरला बॉल उचलून देणारा, पावणेसहाला आला, पाण्याच्या जारवर बसला आणि बुटाची लेस बांधायला लागला. एक बूट झाला, मग मोबाईल, मग दुसरा बूट. बाकीचे माझ्याकडे बघतायत, मी त्याच्याकडे बघतोय. शेवटी म्हटलं आवर की रे, तर म्हणतो, "तू कधी वेळेवर आलतास?" आता काय बोलणार, खरं आहे ते.

तर मुद्दा असा. रात्री झोप येईना म्हणून पॅरिस ऑलिंपिकच्या मॅचचे तुकडे बघत बसलो, त्यात फ्रान्स-जर्मनीची क्वार्टर फायनल लागली. जर्मनीचा कोच पोलंडचा, विनियार्स्की, स्वतः वर्ल्ड चॅम्पियन टीमचा कॅप्टन होता म्हणे. मग पोलंडचे असे अजून कोण कोण खेळाडू कोच झाले ते शोधत बसलो तर हुबर्ट वाग्नेर नावाचा एक जुना माणूस सापडला. हा 32 व्या वर्षी नॅशनल टीमचा कोच झाला, टीममधे याचेच जुने जोडीदार, आणि 3 वर्षांत वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि ऑलिंपिक दोन्ही गोल्ड! माझा प्रश्न साधा आहे, या माणसाचं त्यांनी ऐकलं कसं? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

वैशू_पोलंडवाली

अरे वा, या विषयावर मराठीत कोणी विचारेल असं स्वप्नातपण वाटलं नव्हतं! मी सहा वर्षं व्रोत्सवाफला आहे, ऑफिसमधले सगळे व्हॉलीबॉलवेडे, इथे फुटबॉलची टीम हरते आणि लोक शिव्या देतात, व्हॉलीबॉलची जिंकते आणि लोक गाणी म्हणतात, त्यामुळे मला न विचारता सगळं माहीत झालंय.

वाग्नेर 1941 चा, पोझनानचा जन्म. वॉर्साच्या एझेडएस-एडब्ल्यूएफ क्लबकडून खेळला, म्हणजे तिथल्या शारीरिक शिक्षण विद्यापीठाचा क्लब. नॅशनल टीमसाठी दोनशेच्या जवळपास मॅचेस. 1965 च्या वर्ल्ड कपला सिल्व्हर, 1967 ला युरोपियन ब्राँझ, 1968 ला मेक्सिको ऑलिंपिकला पाचवा नंबर. म्हणजे खेळाडू चांगलाच होता, पण खेळाडू म्हणून गोल्ड नाही मिळालं, हे लक्षात ठेव, पुढे कामाला येतं. 1971 ला नॅशनल टीममधून खेळणं थांबवलं. 1972 ला म्युनिकमधे पोलंडची टीम नववी आली, आणि 1973 ला फेडरेशनने या 32 वर्षांच्या माणसाला कोच केलं. तू म्हणतोस तसंच, कॅप्टन एडवर्ड स्कोरेक हा 1968 ला वाग्नेरबरोबर एकाच टीममधे होता, वयात जेमतेम दोन वर्षांचा फरक.

ऐकलं कसं याचं उत्तर त्याच्या टोपणनावात आहे. त्याला 'कात' म्हणायचे. आपला चहातला कात नाही, पोलिशमधे कात म्हणजे जल्लाद, फाशी देणारा. आणि हे नाव पाठीमागे कुजबुजायचं नव्हतं, सगळा देश म्हणायचा, अजूनही म्हणतात, तेही प्रेमाने. अंगात वजनाची जाकिटं घालून अडथळ्यांवरून उड्या, परत उड्या, दमून पडलास तरी उड्या. 1974 ला मेक्सिकोत वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, रशियावाले दुसरे, जपान तिसरे. आणि 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला जायच्या आधीच उघड सांगून टाकलं की मला फक्त गोल्डमधे इंटरेस्ट आहे. विचार कर, आपल्याकडे कोणी असं म्हटलं तर आधी त्याच्या घरचेच म्हणतील जरा हळू बोल.

खोडसाळ_बंड्या

चहातला कात नसतो हो ताई, पानातला असतो. बाकी चालू द्या.

वैशू_पोलंडवाली

@खोडसाळ_बंड्या सहा वर्षं पान नाही खाल्लं, माफी असावी.

पाटील_सर_निवृत्त

वैशूताईंनी छान सांगितले. मी शाळेत पीटी शिकवायचो, 31 वर्षे, त्यामुळे चार गोष्टी माझ्याही ऐका. आजच्या पोरांना 1976 च्या फायनलचा स्कोर सांगितला तर कळत नाही की ते केवढे प्रकरण होते. पोलंड विरुद्ध सोव्हिएत युनियन, 11-15, 15-13, 12-15, 19-17, 15-7. आता 25 चा सेट असतो आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट, तेव्हा तसे नव्हते. ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट. समोरच्याची सर्व्हिस असताना तुम्ही रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस तुमच्याकडे येणार, बोर्ड हलणार नाही. आम्ही तसेच खेळलोय, अर्धा तास घाम गाळायचा आणि बोर्डावर 6-5 च. त्या नियमात 19-17 चा चौथा सेट म्हणजे काय असेल बघा. आणि तो सेट गेला असता तर खेळ खलास होता, रशियावाले 2-1 ने पुढे होते.

आता मजा अशी की रशियाने फायनलपर्यंत एकही सेट दिला नव्हता, सगळे 3-0. आणि पोलंड? कोरियाशी 3-2, क्युबाशी 3-2, सेमीला जपानशी 3-2, मधे चेकोस्लोव्हाकियाशी 3-1, एक कॅनडाच काय तो सरळ गेला. म्हणजे फायनलला एक टीम ताजीतवानी आणि दुसरी तीन वेळा पाच-पाच सेट खेळून आलेली. कोणीही म्हणेल की दमलेली टीम पाचव्या सेटला बसणार. आणि पाचव्यात झाले 15-7! ती जाकिटे घालून मारलेल्या उड्या तिथे वसूल झाल्या. मी पोरांना नेहमी सांगायचो, पाचवा सेट मॅचच्या दिवशी खेळत नाहीत रे, तो चार महिने आधी ग्राउंडवर खेळतात.

दुसरे म्हणजे त्या टीमकडे तोमाश वूइतोविच होता. तीन मीटरच्या रेषेच्या मागून उडी मारून अटॅक करायची पद्धत त्यानेच पहिल्यांदा आणली असे मानतात. आज गल्लीतला पोरगा पण बॅक अटॅक मागतो, तेव्हा समोरच्या ब्लॉकला कळायचेच नाही की मागच्या लाइनीतला माणूस हवेत कसा. उडी असल्याशिवाय हे होत नाही. म्हणजे वाग्नेर नुसता कडक नव्हता, कशासाठी पिळतोय हे त्याला माहीत होते, आणि पोरांनाही दिसत होते.

पण बाबा, ती वजनाची जाकिटे तुम्ही पोरांना घालू नका. तुमचा स्वतःचा गुडघा गेलाय ना, मग तुम्हाला सांगायला नको.

मिरजेचा_सम्या

सर एक नंबर. मला 19-17 वाचून काटा आला.

पण एक विचारू का, ही सगळी वाग्नेरभक्ती ठीक आहे पण 70 च्या दशकातला पोलंड आणि आपला तालुका, काही मेळ आहे का? तिकडे तेव्हा कम्युनिस्ट राज्य, खेळाडू कागदोपत्री विद्यार्थी नाहीतर सैनिक, लेगिया वॉर्सा तर सरळ आर्मीचा क्लब. म्हणजे खायचं, प्यायचं, झोपायचं आणि उड्या मारायच्या. कोचने कॅम्पमधे दिवसचे दिवस पिळलं तरी जाणार कुठे? इकडे @गुडघा_गेलेला चा लिफ्टर एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट करून येत असेल, सकाळी 6 ला पंच, 3 ला सुटणार, घरी जाऊन म्हशीचं बघणार, मग साडेपाचला ग्राउंड. त्याला जल्लाद कोच दिला तर दुसऱ्या दिवशी येणारच नाही. वाग्नेरकडे पोरांना सोडून जायला जागा नव्हती आणि तुझ्याकडे पोरांना थांबायला कारण नाही, हा फरक बघ गड्या आधी.

गुडघा_गेलेला

@सम्या भावा तू ओळखतोस का त्याला? फर्स्ट शिफ्टच आहे. म्हैस नाही, दोन शेरडं आहेत.

सरांचं पाचव्या सेटचं वाक्य ग्राउंडच्या भिंतीवर लिहिणार आहे, परवानगी द्या. पण ते विनियार्स्कीचं कोणी सांगेल का, तो कसा झाला कोच?

नुसताच_प्रेक्षक

विनियार्स्कीवर मी बोलतो, हा माझा आवडता माणूस आहे. (मी खेळत नाही, सोफ्यावरून कोचिंग करतो.)

मिहाउ विनियार्स्की, 1983 चा, बिदगोश्चचा. रिसिव्ह करून परत अटॅकला येणारा, आउटसाइड. 2006 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर, मग इटलीत त्रेंतिनोकडे तीन सीझन, तिथे लीग जिंकली, चॅम्पियन्स लीग जिंकली, मग परत बेउहातूफच्या स्क्रा क्लबला. 2012 ला वर्ल्ड लीग जिंकली. आणि 2014 ला घरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला कॅप्टन. ती स्पर्धाच वेगळी होती, ओपनिंग मॅच वॉर्साच्या फुटबॉल स्टेडियममधे साठ हजारांहून जास्त लोकांसमोर, फायनल कातोवित्सेला, ब्राझीलला 3-1. आणि कप उचलून झाल्या झाल्या नॅशनल टीममधून रिटायर, तेव्हा वय 30. पाठीने आधीच बेजार केलं होतं.

आता तुझ्या कामाची गोष्ट ऐक. त्या 2014 च्या पोलंड टीमचा कोच कोण होता माहितीये? स्तेफान अंतिगा, फ्रेंच. हा माणूस 2014 च्या उन्हाळ्यापर्यंत स्वतः स्क्राकडून खेळत होता! खेळत असतानाच त्याचं पुढचं कोचपद जाहीर झालं होतं. विनियार्स्की, व्लाझ्वी हे त्याचे क्लबमधले जोडीदार. मे महिन्यापर्यंत खेळाडू आणि सप्टेंबरात वर्ल्ड चॅम्पियन कोच. म्हणजे विनियार्स्कीने हे आधी दुसऱ्या बाजूने अनुभवलंय, कालचा जोडीदार आज शिट्टी वाजवतो तेव्हा खेळाडूला कसं वाटतं ते. तुझ्या लिफ्टरच्या जागी तो बसून आलाय असं समज.

आणि मग काय केलं त्याने? 2017 ला खेळणं थांबवल्यावर लगेच हेड कोच नाही झाला. दोन वर्षं स्क्रामधेच असिस्टंट. वर्ल्ड चॅम्पियन कॅप्टन, आणि बॉलची ट्रॉली ढकलतोय. 2019 ला ग्दान्स्कच्या त्रेफ्ल क्लबने हेड कोच केलं. तर 2020 ला त्या टीममधे खेळाडू म्हणून कोण आलं? मारियुश व्लाझ्वी! 2014 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा एमव्हीपी, म्हणजे स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, स्क्रात याच्या शेजारी वर्षानुवर्षं खेळलेला, 1983 चाच, म्हणजे बरोबरीचा. 37 वर्षांचा अटॅकर आणि 37 वर्षांचा कोच. आणि त्यांचं जमलं.

2022 पासून जर्मनी, शिवाय क्लबला झाव्येर्चे. 2023 ला रिओमधे ऑलिंपिक क्वालिफायर होता, त्यात ब्राझील, इटली दोघेही होते, आणि जर्मनीने सगळ्या मॅचेस मारल्या. 2012 नंतर पहिल्यांदा ऑलिंपिक. सेटर, म्हणजे आपला लिफ्टर, लुकास काम्पा, जो ग्दान्स्कला याच्याच हाताखाली खेळलेला. अटॅकला ग्रोझर, वय 39, म्हणजे कोचपेक्षा फक्त एका वर्षाने लहान! पॅरिसला जपानला 3-2, अर्जेंटिनाला 3-0, अमेरिकेशी पाच सेटमधे हार, आणि मग तू बघितलीस ती क्वार्टर फायनल. 2-0 ने पुढे होते यार, फ्रान्सच्या घरात, फ्रान्सवर. आणि मग 2-3. पाचवा 13-15. मी त्या रात्री जेवलो नाही. तो मात्र शेवटच्या पॉइंटनंतर... असू दे, नाही सांगत, परत बघ तू.

वैशू_पोलंडवाली

झाव्येर्चेबद्दल एक ॲड करते. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं आहे ते, पन्नास हजारांच्या आत वस्ती. त्या गावाच्या टीमला याने 2024 ला पोलिश कप जिंकून दिला आणि 2025 ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेलं, पोलंडमधल्याच वूज शहरात, इटलीच्या पेरुजाशी पाच सेट, हरले. लीगमधे पण 2024 आणि 2025 दोन्ही वर्षी दुसरे. माझ्या टीममधला एक जण झाव्येर्चेचा आहे, त्याला त्या सोमवारी कोणी काही विचारलंच नाही, नुसती कॉफी आणून ठेवली टेबलावर.

आणि गंमत बघा, खेळाडू म्हणून जो वर्ल्ड चॅम्पियन झाला तो कोच म्हणून लीगमधे 2024, 2025 दोन्ही वर्षी दुसऱ्या नंबरवर अडकला, आणि वाग्नेरला खेळाडू म्हणून सिल्व्हर-ब्राँझच मिळाली आणि कोच झाल्यावर गोल्डच्या खाली बोलायचाच नाही. मला वाटतं ती भूक होती त्याची. अर्थात विनियार्स्की अजून चाळिशीतच आहे.

कोल्हापूरचं_पाणी

पोलंड म्हटलं की आमच्या वळिवड्याचं नाव कोणीतरी काढायलाच पाहिजे म्हणून मी काढतो. 1943 ते 48, पाचेक हजार पोलिश निर्वासित आमच्या गावाशेजारी राहून गेले. बास, एवढंच होतं. व्हॉलीबॉल चालू द्या.

मिरजेचा_सम्या

@कोल्हापूरचं_पाणी वाटच बघत होतो कधी येतंय ते 😄

@नुसताच_प्रेक्षक दोन वर्षं असिस्टंट राहिला हा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटला. आपल्याकडे उलटं, माणूस खेळायचा थांबला की दुसऱ्या दिवशी टीशर्टवर 'कोच' छापून आणतो. (तुला नाही म्हणत रे गुडघा, तुला तर ढकलूनच आणलंय.)

पाटील_सर_निवृत्त

वाग्नेरबद्दल एक राहिले. माँट्रियलनंतर त्याने ती टीम सोडली. मधे बायकांच्या नॅशनल टीमचाही कोच होता, पुढे परत पुरुषांकडे आला आणि 1983 ला युरोपियन सिल्व्हर आणले, पण तसे तीन वर्षांचे दिवस परत आले नाहीत. 2002 ला वॉर्सात गेला, 61 व्या वर्षी. पुढच्या वर्षापासून त्याच्या नावाने मेमोरियल स्पर्धा भरते, मोठमोठ्या टीम येतात.

हे यासाठी सांगतो की नुसता पिळणारा कोच सगळ्याच पोरांना कायम चालतो असे नसते. त्या 12 जणांना तो चालला. 33 वर्षांचा स्कोरेक माँट्रियलला कॅप्टन म्हणून उभा राहिला, कोच 35 चा. कॅप्टनने जर पाण्याच्या जारवर बसून लेस बांधली असती तर बाकीचे अकरा पण बसले असते. मला विचाराल तर वाग्नेरने आधी स्कोरेकला जिंकले असणार, मग बाकीच्यांना. हा माझा अंदाज, पण 31 वर्षांच्या ग्राउंडवरचा अंदाज आहे.

वैशू_पोलंडवाली

सर ती मेमोरियल मी बघितलीय, क्राकोला, टाउरोन अरेनात. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, लालपांढरा मफलर, ऑगस्टच्या उन्हाळ्यात! मी इंडियन म्हटल्यावर त्यांनी मला अर्धा तास 1976 सांगितलं, मला तेव्हा पोलिश फार कळत नव्हतं पण आकडे कळत होते, ते बोटांनी 19 दाखवायचे, मग 17 दाखवायचे आणि मान हलवायचे. 48 वर्षं झाली तेव्हा पॅरिसला परत फायनलला पोचले आणि फ्रान्सने 3-0 धुतलं. म्हणजे व्हॉलीबॉलचं ऑलिंपिक गोल्ड पोलंडकडे अजून ते एकच. त्या आजोबांची आठवण आली मला त्या दिवशी.

नुसताच_प्रेक्षक

@गुडघा_गेलेला अजून एक रस्ता पण आहे, सेबास्तियान श्विदेर्स्की. 2006 च्या सिल्व्हरवाल्या टीमचा खेळाडू, मग कोच, मग क्लबचा अध्यक्ष, आणि 2021 पासून पोलंडच्या फेडरेशनचाच अध्यक्ष. पोरं ऐकत नसतील तर मंडळाचा अध्यक्ष हो, लेस काय, बूटच तुझ्या ताब्यात.

गुडघा_गेलेला

😂 अध्यक्ष आमचे मामा आहेत, ते खुर्ची सोडायचे नाहीत.

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल काय झालं ते सांगतो. सरांचं ते स्कोरेकवालं वाचलं आणि प्रॅक्टिसच्या आधी लिफ्टरला टपरीवर गाठला. म्हटलं मी उशिरा यायचो ते खरं, आता मला बोलायचा हक्क नाही असं वाटतं का तुला? तर तो आधी बोललाच नाही, क्रीमरोल संपवला, मग म्हणाला, "तू टाइमआउटला एकटाच बोलतोस. लिफ्ट मी देतो आणि कुणाला द्यायची ते तू सांगतोस, तुला कुठं दिसतंय तिकडनं." मी बारा वर्षं याच्याच लिफ्टवर खेळलो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग ठरलं की टाइमआउटला पहिली पंधरा सेकंद तो बोलणार, उरलेली मी. त्याला विनियार्स्की आणि व्लाझ्वीचं पण सांगितलं, तर म्हणाला त्यातला व्लाझ्वी म्हणजे मी का?

संध्याकाळी पावणेसहालाच आला, ते काय सुटलं नाही. पण शिफ्टची बस साडेपाचला आमच्या फाट्यावर सोडते हे पण कालच कळलं, म्हणून प्रॅक्टिसच सहाची केलीय.

सर, वजनाच्या जाकिटांचं मनात होतं माझ्या, खरं सांगतो, वाळूच्या पिशव्या शिवायला टाकायच्या विचारात होतो. कॅन्सल. त्याऐवजी काय करू उडीसाठी?

पाटील_सर_निवृत्त

नदीकाठी वाळू आहे ना? अनवाणी, दिवसाआड, वीस-वीसचे तीन सेट, मधे पूर्ण विश्रांती. सुरुवातीला एवढेच, आणि गुडघा दुखला की त्या पोराला त्या दिवशी बसवायचे, मग तो कितीही नाही म्हणो.

मिरजेचा_सम्या

रविवारी कुणाशी आहे मॅच? स्कोर टाक इथं. आणि लिफ्टरने पंधरा सेकंदात काय सांगितलं ते पण टाक.